तीन नोंदी, तीन ठिकाणी

नमस्कार श्रोतेहो.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डॉक्टरांची खुर्ची येते. डॉक्टर आले आहेत का, किती वाजेपर्यंत थांबतील, हेच आपण विचारतो. मराठवाड्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी त्या खुर्चीवर बरीच वर्षे बसलो आणि अनुभवाने सांगतो, की रुग्ण त्या खुर्चीपर्यंत येण्याआधी चार-पाच जणांच्या हातांतून गेलेला असतो आणि तेथून उठल्यावर पुन्हा तितक्याच जणांच्या हाती जातो. या माणसांची आपसात बोलाचाली कशी आहे, यावर रुग्णाचे बरेवाईट ठरते. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

सपाट प्रदेशात साधारण 30 हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5 हजारांमागे एक उपकेंद्र आणि हजारामागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, असा निकष आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते, तिला आपण सिस्टर म्हणतो. तिच्या जोडीला आरोग्यसेवक आणि 2018 नंतर अनेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आले. मुख्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहाय्यक, परिचर आणि रुग्णवाहिकेचे चालक असतात. प्रत्येकाचे रजिस्टर वेगळे, मासिक अहवाल वेगळा, आणि आता मोबाइलमधील अ‍ॅपही वेगवेगळी. नोंदींना तोटा नाही. एकाची नोंद दुसऱ्याच्या कानावर वेळेत पडत नाही, हे आपले खरे दुखणे आहे.

एक प्रसंग सांगतो. तो माझ्याच कामातला आहे आणि आजही मनातून जात नाही.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याची लगबग सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो, त्यामुळे बाईला दिवस गेले आहेत म्हणून तिला मागे ठेवणे पुष्कळ घरांना परवडत नाही. अशाच एक सातव्या महिन्यातल्या बाई निघण्याच्या आदल्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात आल्या. डोके दुखते, एवढीच तक्रार होती. रक्तदाब 130 आणि 86 भरला. 140 आणि 90 या मर्यादेच्या आत आहे, असे पाहून मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि लघवीची तपासणी लिहिली. आमचे तंत्रज्ञ त्या दिवशी दुसऱ्या केंद्रात होते, म्हणून ती तपासणी झाली नाही. आधीच्या तपासण्यांच्या नोंदी असलेले माता व बाल संरक्षण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिले होते. त्यांच्या हातात फक्त माझा केसपेपर होता.

तीन आठवड्यांनी उसाच्या फडात त्यांना झटके आले. बाई वाचल्या, बाळ वाचले नाही.

ही बातमी घेऊन गावची आशाताई माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “साहेब, तिचं तोंड सुजल्यावानी दिसायलं होतं, म्या सिस्टरला सांगितलं होतं.” तिच्या वहीत तसे लिहिलेले होते. सिस्टरांचे रजिस्टर मागवले, तर त्यात त्याच बाईंचा, माझ्याकडे येण्याच्या दोन आठवडे आधीचा रक्तदाब 110 आणि 70 असा होता. मी पाहिलेला आकडा एकटा पाहिला तर फारसा घाबरवणारा नव्हता. पण पंधरा दिवसांत इतका चढलेला रक्तदाब, तोंडावरची सूज आणि डोकेदुखी या तिन्ही गोष्टी एका कागदावर असत्या, तर गर्भारपणातील रक्तदाबाचा धोका शिकाऊ डॉक्टरच्याही लक्षात आला असता, लघवीतील प्रथिने तपासल्याशिवाय मी त्यांना दाराबाहेर जाऊ दिले नसते आणि प्रवास थांबवण्यासाठी घरच्यांची समजूत घातली असती. आशाताईने तिचे काम केले होते, सिस्टरांनीही केले होते, मीही माझ्यापुरते केले होते. तिघांच्या मधली जागा मात्र रिकामी होती, आणि केंद्राचा प्रमुख म्हणून ती भरून काढण्याचे काम माझे होते.

त्यानंतर आम्ही जे केले त्याला कोणत्याही शासकीय आदेशाची गरज नव्हती. आशाताईंना सांगितले, की रुग्णाबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्यायची, स्वतःच्या भाषेत, तुम्हाला काय खटकले ते लिहून. ती चिठ्ठी केसपेपरला टाचायची आणि डॉक्टरांनी ती वाचल्याशिवाय औषध लिहायचे नाही. “पाय जड वाटायलेत म्हणती”, “चार दिस झाले जेवण नाही”, असे त्या चिठ्ठ्यांत असे. आमच्या वैद्यकीय भाषेत त्या बसत नव्हत्या, पण रुग्णाच्या घरचे जे वास्तव मला दहा मिनिटांच्या तपासणीत कधीच कळले नसते, ते त्यात असे. ज्या बाईला नियमित पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला आहे, तीच आजाराची पहिली खबर आणते, हे आपण विसरतो. आमच्या बीड जिल्ह्याच्या सीमेला लागूनच जामखेड आहे. तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले आणि खेड्यांतल्या, पुष्कळशा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. इतक्या जवळ असा धडा असताना आम्हाला तो वेळेत गिरवता आला नाही, याची खंत वाटते.

मासिक बैठकीतही बदल करावा लागला. आधी ती उद्दिष्टांच्या टक्केवारीतच संपत असे; आशाताई मागच्या रांगेत गप्प बसत आणि सही करून घरी जात. मग बैठकीची सुरुवात आकड्यांऐवजी नावांनी होऊ लागली. या महिन्यात कोणत्या गरोदर मातेचे हिमोग्लोबिन 7 च्या खाली आहे, क्षयरोगाचा कोणता रुग्ण गोळ्या घ्यायला आलेला नाही, असे एकेक नाव घ्यायचे आणि ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने सांगायचे. एका पावसाळ्यात आमचे वाहनचालक अशाच बैठकीत उठून म्हणाले, की अमुक तांड्यावरचा ओढा चढला की गाडी अलीकडेच थांबते, तेव्हा तिथल्या दिवस भरत आलेल्या बायांना आठवडाभर आधीच नातेवाइकांकडे आणून ठेवा. इतकी वर्षे चालकांना बैठकीला बोलावण्याचे कोणालाही सुचले नव्हते.

आणि दसऱ्याच्या आधी टोळीची यादी. कोणत्या गरोदर बाई जाणार, कितवा महिना आहे, मुकादम कोण, कारखाना कोणता, हे आशाताई घरोघर फिरून लिहीत. सिस्टर आणि तंत्रज्ञ मिळून त्या सर्वांची तपासणी उरकून घेत. आणि ज्या भागात टोळी उतरणार तेथील आरोग्य केंद्राला आमचे आरोग्य सहाय्यक स्वतः फोन करून ती नावे सांगत. सुरुवातीला पलीकडून फारसा प्रतिसाद नसे. दुसऱ्या वर्षी मात्र एका संध्याकाळी दूरच्या एका उपकेंद्राच्या सिस्टरांचा फोन आमच्या सिस्टरांना आला, की तुमच्या यादीतल्या बाई आज आमच्याकडे आल्या, कार्ड सोबत आहे, पण मागच्या वेळचा रक्तदाबाचा आकडा पुसट झाला आहे, तेवढा सांगा. आमच्या सिस्टरांनी रजिस्टर उघडून तो आकडा वाचून दाखवला. दोघींची कधी भेट झालेली नव्हती.

श्रोतेहो, ऊसतोडीला निघण्याची तयारी करणाऱ्या घरांत आज हे भाषण ऐकले जात असेल, तर घरातली गरोदर बाई कोठे जाणार आहे ते आशाताईला आजच सांगा आणि कपड्यांच्या गाठोड्यात तिचे माता व बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तोंडावर सूज चढली, तर फडातून थेट जवळच्या दवाखान्यात जा, 108 ला फोन करा, आणि तेथे पोहोचल्यावर सर्वांत आधी ते कार्ड पुढे करा.

नमस्कार.