दोन हात, चार बाळं

(पडद्यावर: रात्रीचा एसएनसीयू. ओळीने वॉर्मर, मॉनिटरचे हिरवे आकडे, एक सिस्टर सिरिंज पंप तपासते आहे.)

रात्रीचे २ वाजलेत. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बाळांना वरून ऊब देणारे १२ वॉर्मर चालू आहेत. प्रत्येकावर एक बाळ. कुणी दीड किलोचं, कुणी जेमतेम अकराशे ग्रॅमचं. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी, असा हिशेब असतो.

९ जानेवारी २०२१. अशाच मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या या कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्या दहांपैकी बहुतेकांचा जीव धुराने घेतला. १५ नोव्हेंबर २०२४ ला झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तशीच रात्र आली, आणि त्या एका रात्रीत पुन्हा १० बाळं गेली.

(पडद्यावर: वॉर्मरमागचा प्लग, भिंतीवरचं सॉकेट, जवळून.)

सुरुवात भिंतीपासून करू. एक वॉर्मर पूर्ण तापला की साधारण ६०० ते ८०० वॅट खातो, म्हणजे जवळपास ३ अँपिअर. सॉकेट कमी पडतात म्हणून ६ अँपिअरच्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर तीन वॉर्मर लावले, तर ९ अँपिअर त्या बारीक वायरमधून जायला लागतात. तेही तासाभरासाठी नाही. रात्रंदिवस, महिनोन् महिने. एसएनसीयूत एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. प्रत्येक खाटेला तिचे स्वतःचे, भिंतीतले पॉइंट हवेत.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ढिली पिन. रोज प्लग काढ-घाल करून सॉकेटची पकड सैल होते. करंट तेवढाच जातो, पण त्या एका ठिकाणी उष्णता साचत राहते. करंट वाढलेला नसतो, म्हणून जादा करंटला वीज तोडणारा एमसीबी पडत नाही. गळती नसते, म्हणून गळतीला वीज तोडणारा आरसीसीबीही पडत नाही. वायरिंगच्या लेखी सगळं ठीक असतं आणि प्लास्टिक आतून जळत असतं. म्हणून ड्यूटी घेताना प्रत्येक प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला उलटा हात लावून बघायचं. कोमट लागला, तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर बाळ दुसऱ्या वॉर्मरवर न्यायचं आणि तो पॉइंट बंद करायचा. वायरमनने सॉकेट बदलायचं. वर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवायचं नाही.

(पडद्यावर: फ्लोमीटरचा बुडबुडा, दुपट्यावर पडलेली नळी.)

आता ऑक्सिजन. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. चार-पाच टक्क्यांनी जरी वाढला, तरी कापड लवकर पेटतं आणि भराभर जळतं. बाळाचा ऑक्सिजन काढला, नळी गादीवर ठेवली, पण ऑक्सिजन कमी-जास्त करणारा फ्लोमीटर बंद करायचा राहिला: ही रोज घडणारी चूक आहे. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन दुपट्यात मुरत राहतो. त्याच खाटेच्या डोक्यावर तापलेली कॉइल असते. नळी काढायच्या आधी फ्लोमीटर बंद, हा क्रम बोटांना सवयीचा व्हायला हवा. हाताला चोळलेलं सॅनिटायझरही पूर्ण सुकू द्यायचं, मगच बाळाला हात लावायचा. त्याची वाफ पेट घेते.

धुराचं गणित वेगळं आहे. मोठा माणूस मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो, नवजात बाळ ४० ते ६०. वजनाच्या मानाने ते आपल्या दुपटीहून जास्त हवा आत ओढतं. फोमची गादी जळली की कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा विषारी वायू निघतो. त्यामुळे हाताशी असतात ती पहिली दोन-तीन मिनिटं. अग्निशमन दल कितीही वेगाने आलं, तरी या मिनिटांत पोहोचत नाही.

(पडद्यावर: सराव. सिस्टर, बाहुल्या, चार खिशांचा ॲप्रन.)

म्हणून क्रम पाठ हवा. पेटलेल्या वॉर्मरवरचं बाळ आधी उचलायचं आणि उचलता उचलता ओरडायचं. दुसरीने मुख्य वीज बंद करायची. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लागली, की कक्षाबाहेरच्या पेटीतला ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद. अम्बू बॅग साध्या हवेवरही चालते, म्हणून ती प्रत्येक खाटेला टांगलेली हवी. कपाटात कुलूपबंद ठेवून तिचा उपयोग नाही. सलाईनचा थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, बाळाच्या बाजूने बंद करून नळी सोडायची, पंप तिथेच ठेवायचा. बेंबीतून कॅथेटर घातलेल्या बाळाचा थ्री-वे उघडा राहिला, तर ते बाळ वाटेत रक्त गमावतं.

आणि मग ते दोन हात. चार खिशांच्या ॲप्रनमध्ये एक सिस्टर चार बाळं घेऊन निघू शकते आणि तिचे हात दार उघडायला मोकळे राहतात. ॲप्रन नसेल, तर चाकाच्या एका पाळण्यात चार बाळं आडवी ठेवून ढकलायची. जिना लगेच गाठायचा नाही. आधी त्याच मजल्यावर, आगरोधक दारापलीकडच्या प्रसूतीपश्चात वॉर्डात न्यायचं. तिथे आया आहेत. बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी बांधलं, तर तिच्या अंगाची ऊब वॉर्मरचं काम करते.

आग विझवायला सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर. ते साधारण १५-२० सेकंद चालतं, आणि बंद खोलीत तोच वायू बाळाचा श्वास कोंडतो. म्हणून आधी बाळं बाहेर. एक गोष्ट तपासणीत हमखास सुटते: सीओटूच्या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा नसतो. ते भरलेलं आहे की नाही, हे वजन करूनच कळतं. दहा टक्क्यांहून जास्त घट असेल, तर पुन्हा भरायचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं, परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या दिवशी वजनकाटा आणला होता का, हे अधीक्षकांनी स्वतः उभं राहून बघावं.

दुसरं दार सहसा बंद असतं. एसीची हवा जाते म्हणून, बाळ चोरीला जाईल म्हणून, कधी बाहेर सलाईनचे खोके रचलेत म्हणून. कारणं खरी असतील, पण कुलूप हे उत्तर नाही. आतून ढकललं की किल्लीविना उघडणारं आणि उघडताच अलार्म वाजवणारं दार मिळतं.

(पडद्यावर: भिंतीवरचं घड्याळ, २ वाजून ४ मिनिटं.)

सराव दुपारी साहेबांसमोर करून भागत नाही. तो रात्री करायचा, असेल तेवढ्याच स्टाफवर, दिवे मालवून. किलोभर तांदूळ भरलेल्या बाहुल्या, त्यांना खऱ्यासारख्या नळ्या. वॉर्मरला चिकटवलेला कागद आगीत जातो, म्हणून प्रत्येकीच्या घोट्याला आईच्या नावाची पट्टी. बाहेर आल्यावर एकीने रजिस्टरमधून नाव वाचायचं, दुसरीने पट्टी बघून हो म्हणायचं. बारा नावं, बारा होकार. मगच घड्याळ थांबवायचं.