आसारी धरणारीची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात संक्रांत एका दिवसात आटपत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव रस्त्यावर कमी आणि गच्च्यांवर, पत्र्यांवर जास्त असतं. बायकासुद्धा भाकऱ्या लवकर उरकून वर येतात. एखादा पतंग कटला की ‘वक्काट!’ अशी आरोळी उठते आणि कुठल्यातरी गच्चीवर हलगी कडाडते.

माझं बालपण तिथलं, विणकराच्या घरातलं. पैठणीचा माग घरातच होता. दोरा गुंतला तर ओढायचा नाही, आधी टोक शोधायचं, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधीच शिकवलेलं. बाकी गावांत पतंगाचा दोरा फिरकीवर किंवा चक्रीवर असतो, आमच्याकडे आसारीवर. रेशीम गुंडाळायला विणकर आसारी वापरतात, पतंगाची तीच जरा दांडगी. दांडा दोन्ही हातांत धरून गरगर फिरवला की दोरा झपाझप गोळा होतो.

आमच्या घरी वाटणी ठरलेली. पतंग दादानं उडवायचा आणि आसारी मी धरायची. “सोड गं, सोड!” असं तो ओरडला की सोडायचं, “गुंडाळ!” म्हणाला की गुंडाळायचं. राग यायचाच. पण पतंग मला कळला तो आसारीमुळे. वर वारा केवढा आहे, दादा मुद्दाम ढील देतोय की गडबडलाय, हे वर न बघताही दांड्यातून हाताला समजायचं.

पतंग बनवण्यात मात्र दादाचं माझ्यापुढे चालायचं नाही. बांबूची चीप चाकूनं तासून दोन कामट्या काढायच्या. उभी जरा जाड, आडवी बारीक. आडवीला कमानीसारखा बाक द्यायचा, आणि त्याआधी ती मधोमध बोटावर तोलून बघायची. एक बाजू खाली गेली, तर तिकडून थोडी आणखी तासायची. इथे आळस केला की पतंग आयुष्यभर एका अंगाला कलणार. मग ताव, खळ, आणि शेवटी मंगळसूत्र, म्हणजे पतंगाच्या कामट्यांना वर आणि खाली बांधायचा दुहेरी दोरा. वरचा दोरा खालच्यापेक्षा बोटभर आखूड ठेवायचा. वारा जोराचा असेल तर आणखी थोडा आखूड, म्हणजे पतंग वाऱ्याला अंग कमी देतो.

आता रेडिओवर बोलतेच आहे तर एक सांगते. 12 डिसेंबर 1901 रोजी मार्कोनींनी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संदेश ऐकला, तेव्हा एरियलची तार आभाळात नेली होती ती पतंगानंच. आदल्या दिवशी त्यांचा फुगा वाऱ्यानं पळवला होता. मला हे फार उशिरा, मोठेपणी समजलं. लहानपणी समजलं असतं तर अभ्यासाच्या वेळी पतंग चिकटवताना आईला ऐकवलं असतं!

पेच मात्र खरा खेळ. दोरा ताणलेला असला की कामट्या वाकतात आणि पतंग नाकाच्या दिशेनं सरळ धावतो. ढील दिली की वाक कमी होतो, पतंग जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. नाक हव्या त्या बाजूला आलं की त्याच क्षणी खेचायचं. एवढंच, पण ते जमायला हिवाळे जातात.

मांजा घरीच सुतायचा. खलबत्त्यात बाटलीची काच कुटून फडक्यातून गाळायची, सरस शिजवायचा. त्याचा वास इतका घाण, की शेजारच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या. रंग घालून तो लगदा दोन खांबांत ताणलेल्या सुती दोऱ्यावर फिरवायचा. बोटं कापायची, हे काही कौतुकानं सांगत नाही. तोही मांजा धारदारच होता. पण जरा ओढाताण झाली की तुटायचा.

नायलॉनचा मांजा मात्र तुटत नाही. तो दुचाकीवाल्याच्या गळ्यात अडकतो, झाडावर राहिला तर महिनोन्महिने तसाच राहतो, त्यात घुबडं, बगळे लटकतात. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. माझा त्याच्यावर आणखी एक राग आहे. ज्याचा दोरा कधी कटणारच नाही, त्याच्याशी पेच कसला खेळायचा? कटण्याची भीती होती म्हणून तर दादा ढील द्यायला शिकला.

म्हणून यंदा मांजा घ्याल तेव्हा दुकानदार ‘सुतीच आहे’ म्हणाला तरी वीतभर तुकडा मागून घ्या आणि चिमट्यात धरून त्याच्या टोकाला काडी लावा. सुती दोरा जळून त्याची राख पडते. नायलॉन वितळून आक्रसतो आणि त्याची कडक गोळी होते. गोळी झाली तर अख्खं रीळ तिथेच परत करा.