तंबोरा घ्यायला आलेला गवई

(सुरुवातीला नुसता आवाज. पाळण्याचा भोंगा, शिट्ट्या, मेवामिठाईवाल्यांचं ओरडणं. मग चित्र.)

तर ही मिरज. सांगली जिल्हा. आणि हा ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस. बाहेर पाळणे, फुगे, भज्यांचा वास, पोरं आईबापाचा हात सोडून पळतायत, आणि या सगळ्या गोंगाटातून आत दर्ग्याच्या आवारात आलात की एका कोपऱ्यात कोणीतरी डोळे मिटून तंबोरा लावत बसलेलं असतं. म्हणजे विचार करा, भोंगा एका पट्टीत, स्पीकरवरची कव्वाली दुसऱ्या पट्टीत आणि याला सापडवायचाय स्वतःचा षड्ज, म्हणजे आपला सा. पण सापडतो हो. दरवर्षी सापडतो.

या उरुसाची एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाहेरच्यांना माहीत नसते. दर्ग्यात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढतो तो चर्मकार समाजाचा. तो मान त्यांचाच, आणि तो चढला की उरूस सुरू. आणि उरुसाच्या रात्री जी संगीत सभा होते ती एका गवयाच्या आठवणीत, जो याच दर्ग्याच्या आवारात पुरलाय. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, जन्म 1872 चा. फिरत फिरत इकडं आले, आणि गावात सांगतात ते असं की प्लेगनं आजारी पडले, इथं मीरासाहेबांना साकडं घातलं, बरे झाले, आणि मग मिरजेचेच झाले. चिंचेखाली बसून गायचे म्हणे, देवाला ऐकवायला, बिदागी नाही काही नाही. 27 ऑक्टोबर 1937 ला तिकडं मद्रासजवळ, प्रवासात, सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते गेले आणि तिथून त्यांना आणलं ते मिरजेलाच. त्यामुळं इथं जो गायला येतो तो कार्यक्रम करायला येत नाही, हजेरी लावायला येतो. हा शब्द लक्षात ठेवा, हजेरी. कारण पैशाचा विषय निघाला की याच शब्दावर सगळं अडतं.

हजेरी लावून गेलेल्यांची नावं काय सांगायची. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर, जन्म 1905, मिरजेतलाच. गंगूबाई हंगल. भीमसेन जोशी, म्हणजे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. माझे आजोबा सांगायचे की त्या काळी सभेला जागा धरायला घरातली सतरंजी संध्याकाळीच जायची आणि सतरंजीवर झोपायला मी, म्हणजे मी नाही, माझे वडील.

(जुन्या पेठेतली गल्ली. सकाळ.)

आता मला विचाराल की एवढ्याशा गावात एवढे मोठे लोक यायचेच का, तर नुसत्या श्रद्धेवर सोडू नका. श्रद्धा होतीच. पण दोन कारणं अजून आहेत आणि ती कोणी बोलत नाही.

एक म्हणजे रेल्वे. मिरज जंक्शन. 1971 ला पुणे-मिरज लाईन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळाची झाली पण मिरजेच्या पुढं बेळगाव-हुबळीकडं अरुंद मीटरगेजच राहिली, ती पार नव्वदच्या दशकापर्यंत. म्हणजे धारवाड-हुबळीचा गवई पुण्या-मुंबईला निघाला की मिरजेत उतरायचं, सामान उतरवायचं, तंबोरे उतरवायचे, गाडी बदलायची. आता तंबोरे घेऊन मिरजेत उतरलेला माणूस चार तास प्लॅटफॉर्मवर बसेल का? कोणाच्या तरी घरी जेवायला जाणार, आणि जेवण झाल्यावर मिरजकर त्याला असाच सोडणार? आता गाडी सरळ जाते. रात्री मिरज येते तेव्हा गवई वरच्या बर्थवर झोपलेला असतो. हे माझं आपलं मत हां, पण मला पटतं.

आणि दुसरं कारण ही गल्ली. सितारमेकर गल्ली.

हे लोक मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम बसलं तेव्हा, साधारण 1850 च्या आसपास, फरीदसाहेब सितारमेकर यांनी वाद्यं करायला घेतली आणि मग घरटी हेच. तंबोऱ्याच्या बुडाला लागणारा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचा, कडू, खायच्या उपयोगाचा नाही. तो महिनोन्‌महिने वाळवायचा. तिकडं अवकाळी पाऊस झाला की इकडं गल्लीत चेहरे उतरतात, कारण भिजलेला भोपळा म्हणजे गेला.

आणि खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात पटाईत होते. म्हणजे गायक आणि कारागीर यांच्यात जे अंतर असतं ते त्यांच्यात नव्हतंच. मला वाटतं मिरजेचा पाया तिथंच आहे. गवई तंबोरा घ्यायला, नाहीतर जवारी काढून, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला यायचा, काम दोन-तीन दिवसांचं, तोवर मुक्काम, मुक्कामात मैफल, आणि उरूस असेल तर हजेरी. आणि ऐकायला पहिल्या रांगेत कोण, तर ज्यानं तो तंबोरा केला तोच.

(कारागिराचे हात. जवळून.)

हे बघा. ही घोडी. हिच्यावरून तारा जातात. पूर्वी सांबरशिंगाची असायची, आता ते बंद आहे कायद्यानं, त्यामुळं उंटाचं हाड किंवा फायबर. तो कानस किती हळू फिरवतोय बघा, आपल्याला तर काही होतंय असं दिसतच नाही. मग तार छेडतो, मान हलवतो, नाही, परत कानस. आणि शेवटी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आला की आवाज एकदम उघडतो. बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखा. त्याला विचारलं ही जागा कशी कळते, तर म्हणाला, "कळत्या की. तुम्हाला भाजीत मीठ कमी पडल्यालं कळत न्हाई व्हय?"

2024 ला मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला, म्हणजे तंबोऱ्यालाच, जीआय मानांकन मिळालं, म्हणजे हा माल या गावचा अशी सरकारी ओळख. पेपरात फोटो आले, सत्कार झाले, चांगलंच झालं. पण गल्लीत गेलात तर दुकानं ऑनलाईन ऑर्डरवर चाललीत, तंबोरा खोक्यात बसतो, कुरिअरने जातो, आणि ज्याला जातो तो माणूस मिरज बघत पण नाही. धंद्याला वाईट नाही हे. सभेला वाईट आहे. पूर्वी गिऱ्हाईकच कलाकार म्हणून मुक्कामी असायचं, आता कलाकाराला वेगळं बोलवावं लागतं, गाडीखर्च बघावा लागतो, लॉज बघावा लागतो, आणि हजेरी म्हणून मानधन घेत नाहीत ते ठीक, पण साऊंडवाला, मांडववाला हजेरी लावत नाहीत ना. त्यांना रोख लागतं.

परत उरूस चंद्राच्या तारखेवर, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकत येतो. कधी थंडीत, कधी ऐन मे महिन्यात, कधी पावसात. तारीख दूर कुठंतरी एखाद्या कलाकाराला सांगायची म्हटली की आधी कॅलेंडर काढून बसावं लागतं. कोरोनाच्या काळात तर सगळीकडच्याच सभा थंडावल्या, आणि एकदा रात्री बाहेर पडायची सवय मोडली की ती परत लागायला वेळ लागतो. आमच्या घरातली सतरंजी आता माळ्यावर आहे. मी खोटं कशाला बोलू, मी पण मधली पाच-सहा वर्षं गेलो नव्हतो.

(मोबाईलचा क्लोजअप.)

एक गंमत सांगतो. गावातलीच एक घरगुती बैठक होती, कोणाची ते राहू दे. तरुण मुलगा गात होता, चांगला गात होता, मारवा रागाची जागा मस्त लागली होती, आणि बाजूला तंबोऱ्याऐवजी मोबाईलवर ॲप लावलेलं. आला की हो फोन. तंबोरा बंद, आणि रिंगटोन सुरू. सगळे हसले, तो पण हसला. मागं एक म्हातारे सितारमेकर बसले होते, ते तेवढे हसले नाहीत. चप्पल घालून निघाले.

मुलाला तरी काय बोलणार. तंबोरा घ्यायचा तर पैसे पाहिजेत, आणि बसमधून आणायचा तर कंडक्टर वेगळं तिकीट मागतो.

(पडदा काळा. फक्त आवाज.)

यापुढचं चित्र आमच्याकडं नाही. यंदाच्या उरुसात रात्री दोनच्या पुढं कॅमेऱ्याची बॅटरी गेली, रेकॉर्डर तेवढा चालू राहिला. ऐकायला माणसं असतील चाळीस-पन्नास, त्यातली निम्मी पेंगत होती. स्टेजवर बाई गात होत्या, बाहेरगावच्या. पहिला राग संपला, टाळ्या झाल्या, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून तेच म्हातारे उठले, हो, चप्पल घालून निघून गेलेले तेच. मला वाटलं घरी चालले. ते सरळ स्टेजवर चढले. कोणाला काही विचारलं नाही. डाव्या हाताच्या तंबोऱ्याजवळ बसले, वाकून खर्जाच्या तारेखालचा दोरा जरासा सरकवला, छेडून बघितलं, अजून जरासा.

ऐका. आधीचा हा आवाज.

आणि हा नंतरचा.

बाईंनी फक्त त्यांच्याकडं बघून मान खाली केली. ते उतरले, आपल्या जागेवर जाऊन बसले, आणि शेजाऱ्याला म्हणाले, रेकॉर्डरमध्ये स्पष्ट आलंय ते, "मगापासनं खटकत हुतं."