बॅटरी बदलण्याआधी

बाइकचा सेल्फ मारला, ‘कट् कट्’ झालं आणि गाडी गप्प. असं किती जणांचं झालंय? बरं. त्यातल्या किती जणांनी त्याच आठवड्यात नवी बॅटरी आणली? हसू नका, मीही आणली होती. तीन महिन्यांनी तीही बसली, मग दुसरी आणली.

दुसरीही उतरायला लागली तेव्हा कुठे सीट, साइड पॅनेल काढून नीट बघितलं. स्टेटर म्हणजे इंजिनमधली वीज तयार करणारी कॉईल, आणि रेग्युलेटर ती वीज बॅटरीला चालेल अशी करून देतो. स्टेटरच्या तीन पिवळ्या तारा जिथे रेग्युलेटरला जोडल्या जातात तो कपलर, म्हणजे तारा जोडणारी प्लास्टिकची डबी, मुळात पांढरा होता. त्याचा एक कोपरा तपकिरी होऊन वितळला होता. कपलर सुटेना. पक्कडीने ओढल्यावर एक पिन आतच राहिली, काळीठिक्कर. दोन बॅटऱ्यांचा खर्च त्या एका पिनेपायी झाला होता.

एवढीशी पिन वितळते कशी, याचा साधा हिशेब आहे. तारेतून 15 अँपिअर वाहतायत आणि गंजलेल्या सांध्यात अवघा एक दशांश ओहम अडथळा आहे असं धरा. दीड व्होल्ट तिथेच जातात आणि साडेबावीस वॉट उष्णता तयार होते. घरात वापरतो ती छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॉटची असते. म्हणजे सीटखाली, प्लास्टिकच्या डबीत, एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून आपण फिरतोय! शिवाय हा रोग वाढता आहे: गरम झाल्यावर पिनेची पकड सैल होते, सैल झाली की अडथळा वाढतो, की आणखी गरम.

आता मल्टिमीटर काढा. त्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग फसवतं. भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास दाखवली तर ती जवळजवळ रिकामी आहे, मग दिवे कितीही लागोत. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळली तर मात्र बॅटरीवरचा संशय खरा.

बॅटरी ठीक असेल तर गाडी चालू करून हळूहळू रेस द्या. साधारण 4000–5000 आरपीएमला टर्मिनलवर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर थेट स्टेटरवर धाव घेऊ नका. हेडलाइट लावा, मीटरची एक सुई रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह तारेत आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा, गाडी चालू असतानाच. पाव व्होल्टच्या वर फरक आला की मधला कुठलातरी सांधा खातोय. अर्थिंगच्या बाजूनेही हेच करा. हे दोन मिनिटांचं काम बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात.

उलट 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला म्हणायचं? थांबा. काही गाड्यांत रेग्युलेटरला व्होल्टेज ‘बघायला’ वेगळी तार असते, ती इग्निशन स्विचमधून येते. स्विच गंजला की रेग्युलेटरला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो बिचारा आणखी ढकलत राहतो. बॅटरीतलं पाणी उडून जातं, आणि दोष असतो किल्लीखाली.

मग स्टेटर. कपलर सोडवून तीन तारा दोन-दोन करून मोजा. रेझिस्टन्स ओहमच्या आतच असतो, म्हणून आधी मीटरच्या सुया एकमेकींना टेकवा आणि तो आकडा वजा करा, नाहीतर स्वस्त मीटर उगाच घाबरवतं. तारेपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत काहीही जोडणी दिसता कामा नये. मीटर ‘टीं’ वाजलं तर कॉईलचं इन्सुलेशन जळलंय. शेवटी मीटर एसी व्होल्टवर (एसी म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज) लावून रेस द्या. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे आकडा वेगळा असतो, पण तिन्ही जोड्यांत तो सारखा हवा. हात जपा, इथे पन्नासच्या वर व्होल्ट सहज निघतात.

आणि एक गैरसमज. दिवे बंद ठेवले की स्टेटरला विश्रांती मिळते असं लोक मानतात. जुन्या गाड्यांतले बरेच रेग्युलेटर शंट प्रकारचे असतात. जास्तीची वीज ते शॉर्ट करून स्टेटरमध्येच फिरवतात. म्हणजे तुम्ही दिवे लावा न लावा, कॉईल तापतेच.

जुन्या एअरहेड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या, बीएमडब्ल्यू बाइकचं प्रकरण निराळं. तिथे रोटरला (वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा करंट चार्जिंगच्या बल्बमधून मिळतो, त्यामुळे बल्ब उडाला की चार्जिंगच नीट सुरू होत नाही. माणूस अल्टरनेटर उघडून बसतो!

मागून एक प्रश्न आलाय: तीन पिवळ्या तारा नव्या कपलरमध्ये कुठल्या क्रमाने घालायच्या? कुठल्याही. तिन्ही एसीच्या आहेत, रेग्युलेटरला फरक पडत नाही. बॅटरीच्या तारा मात्र उलट्या लावल्यात तर रेग्युलेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जातील.