तिरका टाका उसवू नका

नमस्कार मैत्रिणींनो.

दुपारची वेळ आहे. भांडी पालथी घातली असतील, ओटा पुसून झाला असेल, आणि तरीही कितीजणींची नजर आत्ता शेगडीमागच्या तेलकट डागावर गेली असेल! कुणी आलं तर काय म्हणेल, ही धास्ती मला फार जाचक वाटते. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. इतकं राबायचं आणि वर त्यात खोट म्हणून राहू द्यायची नाही?

मला गोधडीबद्दल बोलायचंय. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की पावसाआधी वाकळ शिवायला घ्यायची. खाली एक लुगडं अंथरायचं. त्यावर जुनी धोतरं, सदरे, परकर पसरून हातानं सुरकुत्या मोडायच्या, वरून दुसरं लुगडं. मग चौघीजणी चार बाजूंना बसतात आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकत जातात.

प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचे टाके तांदळाएवढे बारीक, दुसरीचे लांबलचक. नजर कमी झालेल्या आजीची ओळ तिरकी जाते. ती कुणी उसवत नाही. पुढची ओळ तिच्याच कलानं वळते, तिच्या पुढचीही. थर धरून ठेवायचे असतात, ते एवढ्या ओळी मिळून धरतातच. घरात कुणाच्या कामाला अशी सवलत मिळते, सांगा.

आणि बोलणं! डोळे सुईवर असतात, म्हणून समोरासमोर बोलवत नाही ते इथे बोललं जातं. नवऱ्याचं कर्ज, दिवस राहत नाहीत म्हणून ऐकावे लागणारे टोमणे, तुटलेलं माहेर. ऐकणारीचे हात चालूच असतात. ती लगेच उपाय सांगायला धावत नाही, आणि त्यानंच जीव हलका होतो.

या उन्हाळ्यात तुम्हीही जमा. चाळीत, सोसायटीच्या गच्चीवर, कुठेही. सुतीच साड्या घ्या, नायलॉनची सुईखाली सरकते. शिवणयंत्र नको, त्याच्यापाशी एकटीनंच बसावं लागतं. आणि जिच्या घरी बसायचं ठरेल, तिला आधीच बजावून ठेवा: आमच्यासाठी घर आवरू नकोस, चिंध्या पडणारच आहेत.