सातवा थर, बारावा थर

[पडद्यावर: डिझाइन सॉफ्टवेअरमधला थरांचा तक्ता. माउसचा बाण सहाव्या ओळीवर थांबलेला.]

१६ ओळींचा हा तक्ता म्हणजे कार्बन फायबरचं एक अख्खं पॅनेल. प्रत्येक ओळ म्हणजे एक थर. या कामातली माणसं त्याला प्लाय म्हणतात. ओळीत थराचा क्रमांक असतो, मटेरियल असतं, धाग्यांचा कोन असतो आणि तो थर कुठवर पसरायचा ती हद्द असते. एका थराची जाडी ०.१२५ मिलिमीटर. सोळाच्या सोळा थर एकावर एक ठेवले तरी जेमतेम २ मिलिमीटर भरतात.

यात कोनाला सगळ्यात जास्त महत्त्व, कारण कार्बनचा धागा ताकद देतो ती फक्त लांबीच्या दिशेनं. आडव्या दिशेला भार पडला तर तो पेलायला उरतं निव्वळ रेझिन, म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आणि ते त्या मानानं फारच दुबळं. म्हणून काही थर शून्य अंशात, म्हणजे पॅनेलच्या लांबीच्या दिशेत लावतात, काही ९० अंशांत, काही अधिक ४५ आणि काही उणे ४५ मध्ये. शून्याचे थर ओढ आणि दाब घेतात, पंचेचाळीसचे पीळ घेतात.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते बेंगळुरूमध्ये, तेजस विमानासाठी. ४ जानेवारी २००१ रोजी पहिल्यांदा उडालेल्या या विमानाच्या सांगाड्यात, वजनानं मोजलं तर सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे. त्या कामासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीनं थरांच्या रचनेचं स्वतःचं सॉफ्टवेअर घडवलं, त्याचं नाव ऑटोले. तेजसचं कौतुक करताना या सॉफ्टवेअरचं नाव कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं. आज अनेक ठिकाणी याच कामासाठी कॅटिया किंवा फायबरसिम ही सॉफ्टवेअरं वापरतात. कॅटियाच्या विकासाचं काही काम तर पुण्यातच चालतं.

[पडद्यावर: सहाव्या ओळीखाली नवी रिकामी ओळ उघडते.]

आता एक बदल करून बघू. भार आणि ताणाचं गणित करणाऱ्या स्ट्रेस विभागाचा निरोप आलाय: पॅनेलच्या मधल्या पट्ट्यात लांबीच्या दिशेची ओढ वाढली आहे, तिथे शून्य अंशाचा थर वाढवा. डिझायनर सहाव्या थरावर येतो. तोही शून्याचाच आहे. त्याच्याखाली नवी ओळ घालतो, कोनाच्या रकान्यात शून्य टाकतो. झाला सातवा थर.

काम मात्र अर्धंच झालंय. पॅनेलच्या जाडीच्या बरोबर मध्ये एक काल्पनिक रेषा धरतात. तिच्या वर जे थर असतील, तेच थर तिच्या खाली उलट्या क्रमानं यावे लागतात. म्हणजे खालच्या अर्ध्या भागातही शून्याचा एक थर वाढायला हवा, आणि नव्या मोजणीत त्याची जागा बारावी. सात आणि बारा मिळून १९, सहा आणि तेरा मिळून १९, एक आणि अठरा मिळूनही १९. जोड्या जुळल्या की सममिती जुळली.

बारावा थर घालायचा राहिला तर काय होईल? हे पॅनेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, सुमारे १८० अंश सेल्सिअसला भाजतात आणि मग थंड करतात. थंड होताना धाग्याच्या दिशेनं थर जवळपास आकसत नाही. आडव्या दिशेनं मात्र तो, मोकळा असता तर, मीटरभर रुंदीमागे साडेचार मिलिमीटरच्या आसपास आकसला असता. सममिती असेल तर वरची आणि खालची ओढाताण एकमेकींना तोलते. नसेल तर पॅनेल भाजलेल्या पापडासारखं वळतं. वळलेलं पॅनेल जोडणीच्या वेळी दाबून बसवायचं म्हटलं, तर तो ताण त्यात कायमचा राहतो.

पुढचा प्रश्न कडेचा. नवे दोन थर फक्त मधल्या पट्ट्यात हवेत, म्हणजे ते कुठेतरी संपणार. दोन्ही एकाच रेषेवर संपवले तर तिथे पायरी तयार होते, आणि थर सुटायला सुरुवात होते ती अशाच पायरीपाशी. जाडीत जेवढा फरक, त्याच्या वीसपट अंतरावर उतार, असा एक नेहमीचा दंडक आहे. एका थरामागे तो निदान अडीच मिलिमीटर येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याहून बरंच जास्त अंतर सोडतात. आता यातली अडचण बघा: सातवा थर आधी संपला आणि बारावा थोडा पुढे, तर त्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सममिती मोडतेच. ती मोडू देतात, पण शक्य तितक्या कमी जागेत. अशा जागी सॉफ्टवेअर नियम तपासून देतं, पण निर्णय डिझायनरलाच घ्यावा लागतो.

[पडद्यावर: कोनांचा संदर्भ दाखवणारं चक्र, त्याला रोझेट म्हणतात.]

सगळ्यात जपायचं ते अधिक-उणेचं चिन्ह. वरून बघितलं तर अधिक ४५ असलेला थर खालून बघितला की उणे ४५ दिसतो. डाव्या पंखाचा तक्ता उजव्या पंखासाठी जसाच्या तसा उचलून चालत नाही, चिन्हं उलटावी लागतात. कोन किती मोलाचा, हे अमेरिकेच्या एक्स-२९ या प्रायोगिक विमानानं दाखवून दिलं. १४ डिसेंबर १९८४ रोजी उडालेल्या या विमानाचे पंख पुढच्या बाजूला झुकलेले होते. असा पंख भाराखाली वाकला की त्याचं टोक वर पिळतं, त्यानं भार आणखी वाढतो, आणि शेवटी पंख तुटू शकतो. ग्रुमनच्या अभियंत्यांनी कार्बनचे थर मुद्दाम अशा कोनात लावले की पंख वाकताना उलट्या दिशेनं पिळला जाईल. पंख टिकला.

तक्ता पक्का झाला की सॉफ्टवेअर प्रत्येक थर साच्याच्या वळणावर पसरवून बघतं. जिथे धागे वाजवीपेक्षा जास्त सरकतात तो भाग लाल दिसतो. तिथे काप द्यावा लागतो किंवा थर दोन तुकड्यांत करावा लागतो. मग प्रत्येक थराचा सपाट आकार निघतो, तो कटिंग मशीनकडे जातो, आणि साच्यावर लेझरची हिरवी रेघ त्या थराची हद्द दाखवते. इथून पुढे काम हातांचं. थर लावायचा, पाठीचा कागद सोलायचा, कागद बाजूला ठेवायचा. शेवटी सोललेले कागद मोजून तक्त्याशी ताडतात, कारण एखादा कागद आत राहिला तर ते दोन थर एकमेकांना चिकटणारच नाहीत.

पॅनेल भाजून झाल्यावर अल्ट्रासॉनिक तपासणीत पोकळ्या सापडतात, सुटलेले थर सापडतात. चुकलेला कोन सहसा सापडत नाही. त्यासाठी कडेचा तुकडा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. धाग्याला समांतर कापलेल्या थरात लांब रेघा दिसतात, आडव्या कापलेल्यात गोल ठिपके, पंचेचाळीसच्या थरात लंबगोल. अधिक ४५ आणि उणे ४५ मात्र या सरळ कापात हुबेहूब सारखे दिसतात. ते वेगळे ओळखायचे तर तुकडा तिरका कापावा लागतो.