अडलेला बोल्ट

(पडद्यावर: हबल दुर्बीण. खाली सरकणारी पृथ्वी.)

१७ मे २००९. जमिनीपासून साडेपाचशे किलोमीटरहून जास्त उंचीवर, हबल दुर्बिणीचं दार उघडून अंतराळवीर माइक मॅसिमिनो काम करताहेत. समोर आहे एक दांडी. हाताने धरायची, चार बोल्टांनी बसवलेली, साधी दांडी. त्यातला खालचा उजवा बोल्ट निघत नाहीये. डोकं झिजलंय. स्क्रू-ड्रायव्हर नुसताच फिरतोय.

दांडी निघाल्याशिवाय तिच्यामागचं झाकण उघडणार नाही. आणि झाकणाआड आहे एक आजारी उपकरण.

त्याचं काम प्रकाश उलगडण्याचं. ताऱ्याचा किरण रंगारंगांत पसरवायचा आणि त्यावरून तिथे काय आहे ते ओळखायचं. १९९७ मध्ये ते हबलवर बसवलं. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला वातावरण आहे, हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते याच उपकरणामुळे. ऑगस्ट २००४ मध्ये त्याचा वीजपुरवठा बिघडला आणि ते गप्प झालं. बिघाड एका सर्किट कार्डात. पृथ्वीवर असतं तर बदलायला कितीसा वेळ लागला असता? पण हे उपकरण अंतराळात उघडायचं म्हणून बनवलंच नव्हतं. झाकणाला शंभरहून जास्त बारीक स्क्रू. एक जरी निसटून दुर्बिणीत तरंगत गेला, तर नवीनच संकट. म्हणून खास पारदर्शक पट्टी तयार केली होती. तिच्या भोकांतून ड्रायव्हर आत जायचा, स्क्रू मात्र पट्टीखालीच अडकून राहायचे. वर्षानुवर्षं सराव झाला तो या स्क्रूंचा. दांडीच्या बोल्टची काळजी कुणी केली नव्हती.

(पडद्यावर: केप कॅनव्हेरल. दोन उड्डाणतळांवर दोन शटल.)

हबल दुरुस्तीची ही मोहीम होणारच नव्हती. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान परतताना फुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. मॅसिमिनो आदल्याच वर्षी याच कोलंबियातून हबलपर्यंत जाऊन आले होते. सुखरूप परतलेलं ते कोलंबियाचं शेवटचं उड्डाण. हबलच्या कक्षेतून संकटात अंतराळ स्थानकाचा आसरा घेता येत नाही, म्हणून २००४ मध्ये नासाने मोहीम रद्द केली. २००६ मध्ये निर्णय फिरला, पण एका अटीवर. मोहिमेचं शटल अटलांटिस उडेल तेव्हा सुटकेसाठी दुसरं शटल, एंडेव्हर, दुसऱ्या तळावर सज्ज उभं राहील. हबलला भेटायची ही शेवटची संधी होती. ही दुरुस्ती फसली, तर पुन्हा कुणी येणार नव्हतं.

(पडद्यावर: हातमोजे, हत्यारं, टेप.)

एक हत्यार झालं, दुसरं झालं. हत्यारं आणायला मॅसिमिनो शटलच्या पेटीपर्यंत जाताहेत, परत येताहेत. फुगवलेल्या हातमोज्यात प्रत्येक वेळी मूठ आवळायची म्हणजे ताकद खर्ची पडते. जोडीदार मायकल गूड सोबत आहेत. यानातून ड्र्यू फॉइस्टेल बोलताहेत.

तिकडे अमेरिकेत, मेरीलँडमधल्या नासाच्या गोडार्ड केंद्रात इंजिनिअर मंडळींनी तशीच एक दांडी शोधली. तसाच बोल्ट ठेवून ती ओढून पाहिली. किती जोर लावला की मोडते? सुमारे २७ किलो. तो आकडा वर पोहोचला. म्हणजे उपाय ठरला: हाताने ओढून तोडायची.

अब्जावधींच्या दुर्बिणीला हिसका द्यायचा! तुटलेला तुकडा उडून मोज्यात घुसला तर स्पेससूटच फाटेल. मॅसिमिनोंनी आधी दांडीच्या खालच्या टोकाला टेप गुंडाळली. मग वरचं टोक धरलं. ओढलं.

दांडी हातात आली.

सुटलो असं वाटेपर्यंत स्क्रू काढायच्या छोट्या पॉवर टूलची बॅटरी संपली. पुन्हा फेरी. मग मात्र स्क्रू एकेक करून सैल झाले, झाकण निघालं, जुनं कार्ड बाहेर आलं, नवं आत सरकलं. नव्या झाकणाला स्क्रू नव्हतेच. दोन खिट्ट्या फिरवल्या की बंद.

यानाबाहेर ८ तास २ मिनिटं झाली होती. शेवटचं एक काम दुसऱ्या दिवसावर ढकललं गेलं.

खालून उपकरणाला वीज सोडली गेली. पावणेपाच वर्षं गप्प असलेल्या त्या पेटीकडून उत्तर आलं. कार्ड जिवंत होतं.